काळजाच्या खात्यात बदली नाही

लालबाग-परळच्या निम्म्या दंडांना कंपाउंडरांनी प्रेशरचा पट्टा बांधला असेल, पण त्यांच्या स्वतःच्या दंडाला बांधलेला पट्टा कुणी पाहिला नव्हता. "तुमचं प्रेशर किती?" असं कुणी विचारलंच तर ते तोंड गंभीर करून सांगत, "माझं मी ऐकतो आणि सोडून देतो." मला हा बरीच वर्षं विनोद वाटत होता.

आमच्या चाळीत तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ते एकटे राहत. गिरणीच्या दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडर होते, आणि तेवढ्या वर्षांत त्यांचं खरं नाव माणसं विसरून गेली होती. पोस्टमनसुद्धा पत्र घेऊन आला की "कंपाउंडर!" अशीच हाक मारी. त्यांनी त्याची फेड अशी केली होती की तेही कुणाला नावाने हाक मारत नसत. गिरणीतल्या खात्याच्या नावाने मारत. "ए सूतखातं, जीभ काढ." "काय रंगखातं, हातावरचा फोड बसला का?" माझे बाबा मागावरचे विणकर. गिरणीत मागाला साचा म्हणतात, म्हणून बाबा 'साचेखातं' आणि आई 'साचेखात्याच्या वहिनी'. मी कॉलेजात होते आणि संपाची पत्रकं लिहीत होते. माझं कुठलंच खातं नव्हतं. मला ते 'पत्रकबाई' म्हणत.

ते नाव मला चिकटायला कारण होतं. बाबा गेटसभेहून येताना खिशात पत्रकाची घडी घेऊन येत आणि माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्याच कागदांची कव्हरं घालत. माझ्या भूगोलावर 'कामगारांनो, एक व्हा' होतं आणि गणितावर मालकांना दहा सवाल. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीला एक आरोपी असतो आणि त्याला जाहीर सवाल विचारता येतो, अशी माझी लहानपणापासून समजूत. कंपाउंडरांनी ती समजूत काढून घेतली नाही. तिच्या शेजारी आणखी एक स्टूल मांडलं, इतकंच.

संप सुरू झाला तशी गिरणी बंद पडली आणि गिरणीबरोबर दवाखाना. शेवटच्या दिवशी कंपाउंडर काखेत एक लाकडी पेटी मारून गेटबाहेर पडले. पेटीत पाऱ्याचं प्रेशरचं मशीन होतं, दोन वर्षांपूर्वी भंगारात काढलेलं. वॉचमनने हटकलं तेव्हा म्हणाले, "हे मोडकं आहे, मीही मोडका आहे. दोघांना जाऊ दे." घरी आणून त्यांनी त्याच्या फाटक्या रबरी फुग्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. हवा भरताना ठिगळातून बारीक शिट्टी वाजे, आणि जिना चढणाऱ्याला कळे की आत कुणाचा तरी दंड पट्ट्यात आहे. महिन्यातून एकदा ते मशीन दादरला घेऊन जात आणि तिथल्या एका डॉक्टरच्या मशीनशी ताडून बघत. संध्याकाळी ते त्याच डॉक्टरकडे पुड्या बांधायला जात. "ठिगळ माझं, पण पारा खरा पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

पट्टा बांधण्याआधी ते तीन प्रश्न विचारत. कायम त्याच क्रमाने. झोप कशी? मीठ किती? बोलणं कुणाशी बंद?

तंबाखूचं विचारत नसत. "ते ओठावर लिहिलेलं असतं," म्हणत. पहिल्या प्रश्नाला माणसं खरं सांगत, दुसऱ्याला खोटं सांगत, आणि तिसऱ्याला हसत. कंपाउंडर हसत नसत. उत्तर येईपर्यंत पट्टा हातात धरून बसून राहत. कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला एकदा वैतागून म्हणाला, "बायकोशी, मेव्हण्याशी आणि आजपासून तुमच्याशी!" त्यांनी तिन्ही नावं शांतपणे लिहून घेतली.

लिहायला त्यांच्याकडे हजेरीचं कोरं मस्टर होतं. त्यात रकाने आखलेले: नाव, हजेरी, संपाआधीचं प्रेशर, आताचं प्रेशर, आणि शेवटी 'बोलणं बंद'. संपाआधीचे आकडे त्यांना दवाखान्यातल्या दिवसांपासून पाठ होते. पहिली ओळ त्यांच्या स्वतःच्या नावाची होती. तिथे हजेरी रोज लागलेली असे आणि पुढचे रकाने कोरे.

आणि सोडा. कंपाउंडरांचं सोड्याशी वैर होतं. कोपऱ्यावर गोळीसोड्याची गाडी उभी राही, ती दिसली की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जात. जेवण जड झालं म्हणून कुणी सोडा प्यायला तर त्याला दिवसभर ऐकवत. एवढा शहाणा माणूस बाटलीतल्या बुडबुड्यांना का घाबरतो यावर आम्ही कॉलेजातल्या मुलींनी बरेच सिद्धान्त मांडले होते. सगळेच चुकीचे निघाले.

त्या दिवसांत माझी खात्री होती की हार्ट अ‍ॅटॅक हा मालकांचा रोग. आमच्या माणसांचा रोग क्षय. आमच्या छातीत कापसाची धूळ जाते, त्यांच्या रक्तवाहिन्यांत तूप. हे वाक्य मी एका पत्रकात घातलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. कंपाउंडरांनी पत्रक दोनदा वाचलं.

"छान लिहितेस," ते म्हणाले. "मग हा मालकाचा रोग साचेखात्याला कुणी दिला? बोनस म्हणून?"

आदल्याच दिवशी त्यांनी बाबांचं प्रेशर बघितलं होतं. वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे दहा. संपाआधी ते एकशे चाळीसच्या वर कधी गेलं नव्हतं.

"शरीराला संप कळत नाही, पत्रकबाई. त्याला एवढंच कळतं की हा माणूस आठ-आठ तास चार साच्यांभोवती फिरत होता, भोंग्याला जेवत होता, भोंग्याला झोपत होता, आणि आता गॅलरीत बसून तंबाखू मळतो आणि मनातल्या मनात भांडतो."

"पण बसवलं कुणी त्यांना?" मी उसळून विचारलं.

"मालकाने. मी कुठे नाही म्हणतो? मालकाला पत्रक लिही आणि बापाला चालायला लाव. दोन कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं होत नाही."

त्या संबंध आठवड्यात मी त्यांच्या खोलीवरून जाताना मान ताठ ठेवली.

बाबा खरंच तसेच बसत. कमिटीतले माणूस, पहिल्या दिवसापासून संपात. वर्ष उलटलं, गेटसभा बारीक होत गेल्या, संप संपला असं कुणी सांगितलंही नाही आणि तो चालू आहे असंही दिसेना. परळच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. बाबा त्या डोकं दुखेल त्या दिवशी घेत. बाकीच्या दिवशी म्हणत, "माका काय जाला नाय." जेवायला गावाहून आलेला खारवलेला बांगडा, त्यावर लोणचं. आई म्हणायची, "ऐकलात? वायच खाली फिरान येवा." बाबा समोरच्या दाराकडे बघत आणि डबी उघडत.

समोरचं दार विठूकाकांचं होतं. बाबांचे आणि त्यांचे साचे वीस वर्षं शेजारी-शेजारी. साचेखात्यात कानठळ्या बसवणारा आवाज असतो, तिथे ओरडूनही ऐकू येत नाही. विणकर एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. त्या दोघांना ती सवय एवढी लागली होती की घरीही, गॅलरीच्या दोन टोकांना उभे राहून, ते आवाज न करता गप्पा मारत. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. बारा महिन्यांनी गिरणीतले थोडे साचे सुरू झाले आणि विठूकाका पुन्हा कामावर गेले. थोरल्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. ते गेले त्या दिवशी त्यांच्या दारावर मी स्वतः पत्रक चिकटवलं. मोठ्या अक्षरांत एकच शब्द: गद्दार. बाबांनी ते वाचलं आणि त्या दिवसापासून विठूकाकांकडे ओठही हलवले नाहीत.

कंपाउंडरांनी चालपाळी सुरू केली ती याच सुमाराला. सकाळी सातला चाळीतून निघायचं, गिरणीच्या गेटपर्यंत जायचं, तिथून परळच्या नाक्याला वळसा घालून परत. जाताना घोषणा द्यायला परवानगी, पण धाप लागली असेल तर नाही. "आधी श्वास, मग जिंदाबाद." औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी बिल्ले केले होते, एकेकाच्या खात्याचं नाव घातलेले. निघताना बिल्ला त्यांच्याकडे द्यायचा, आल्यावर परत घ्यायचा, की मस्टरवर हजेरी. तीन दिवस दांडी म्हणजे नाव कट. गंमत म्हणजे बेकार झालेली ही माणसं नाव कट व्हायला खरोखर घाबरली. बिल्ला खिशात असला की त्यांची पाठ सरळ व्हायची. हे कंपाउंडरांना ठाऊक होतं.

त्यांना एक ठाऊक नव्हतं. गिरणीतला माणूस आजारी पडला किंवा गावी गेला की त्याच्या जागी बदली उभा राहतो. साचा चालू राहिला म्हणजे झालं. आमच्या माणसांनी हाच नियम चालपाळीला लावला. पहिल्या आठवड्यात चौदाजण आले. दुसऱ्या आठवड्यातही चौदाच होते, पण त्यांतले आठ बदली. कुणाचा मेव्हणा, कुणाचा जावई. रंगखात्याने तर सासूला पाठवलं होतं, आणि ती सगळ्यांच्या पुढे चालत होती.

बाबांची बदली मी होते. विठूकाकांना दुसरी पाळी मिळाली होती, म्हणून सकाळी तेही चालायला येत. फितुराबरोबर बाबा एक पाऊल टाकणार नव्हते, आणि नाव कट झालेलंही त्यांना चालणार नव्हतं. तेव्हा मी बाबांचा बिल्ला देऊन चार दिवस चालले, विठूकाकांपासून वीस पावलं मागे, तत्त्वाने.

पाचव्या दिवशी कंपाउंडरांनी मला स्टुलावर बसवलं. दंडाला पट्टा बांधला, शिट्टी वाजवली, नळी कानातून काढली आणि बाबांच्या ओळीत लिहिलं: एकशे दहा, सत्तर.

"साचेखात्याचं प्रेशर उतरलं," ते म्हणाले. "वहिनींना सांग पेढे वाटायला. बांगडाही आजपासून दोन-दोन तळा म्हणावं."

"काका, मी फक्त बदली—"

"गिरणीत बदली चालतो, कारण साच्याला माणूस कोण ते कळत नाही." त्यांनी तो आकडा खोडला. "काळजाच्या खात्यात बदली नाही. पुढे काय, त्याच्या गोळ्याही तूच गिळणार?"

"मग विठूकाकांना मस्टरवरून काढा. बाबा उद्या येतील."

"त्याचं प्रेशर तुझ्या बापाच्या वर आहे." त्यांनी मस्टर माझ्याकडे फिरवलं. विठूकाकांच्या ओळीत शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: समोरची खोली. दोन ओळी खाली बाबांच्या नावापुढेही तेच: समोरची खोली. "कामावर गेल्यापासून त्याला झोप नाही. माझ्या मस्टरवर संपवाले नाहीत आणि फितूरही नाहीत. दंड आहेत."

हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी वर गेले आणि त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहिलं. 'आरोग्याच्या नावाखाली फितुरीला पाठीशी घालणाऱ्यांना सात जाहीर सवाल.' दुपारी जिन्यात चिकटवलं. संध्याकाळी ते गायब होतं. दुसऱ्या दिवशी कंपाउंडरांनी मला पुन्हा स्टुलावर बसवलं. एकदा प्रेशर घेतलं. मग पेटीचं झाकण उघडलं. माझं पत्रक आतल्या बाजूला नीट खळ लावून चिकटवलेलं. त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं, सातही सवाल, आणि लगेच पुन्हा पट्टा आवळला.

"वीसने वर," त्यांनी बाकावर बसलेल्या चार माणसांना सांगितलं. "वाचणारा राहू दे, लिहिणारीचाच पारा चढतो. दमदार लिहिते आपली पत्रकबाई."

चौघं हसले. मीही हसले असते, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

बाबांचं नाव तिसऱ्या दिवशी कट झालं. त्यानंतरच्या सोमवारी ते घडलं.

सकाळचे साडेआठ झाले असतील. बाबा गॅलरीत दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि आईला म्हणाले, "छातीत वायच जळजळता. सोडो मागव." कपाळावर घाम होता, पण ऊनही होतं. आईने खालून सोडा आणवला. बाबा डावा जबडा चोळत होते. मला वाटलं दाढ दुखते. चालपाळी नुकतीच परतली होती, आणि कट झालेल्या साचेखात्याला चार शब्द सुनवायला कंपाउंडर तिसरा मजला चढून येत होते. आई बाटली बाबांच्या तोंडाला लावणार तेवढ्यात त्यांनी ती तिच्या हातातून हिसकावून गॅलरीबाहेर फेकली. खाली काच फुटली.

"सोडा नाही!" ते ओरडले. त्यांचा ओरडलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "जळजळ नाही ही! त्याला उभं करू नका. एक पाऊल चालवायचं नाही. खुर्ची!"

गंमत बघा, महिनाभर ज्या माणसाला चालवायला ते जिवाचं रान करत होते, त्याला आता ते चालू देत नव्हते.

समोरचं दार उघडलं. विठूकाका बनियनवर बाहेर आले, खुर्ची आणली, बाबांना तीत बसवलं आणि पाठीची बाजू धरली. समोरून पाय धरायला कुणीतरी हवं होतं. मी धरले. तीन मजले मी उलटी उतरले, एकेक पायरी चाचपत, आणि सगळा वेळ माझ्या समोर बाबांचा राखेसारखा चेहरा आणि त्याच्या वर विठूकाकांचा. निघताना त्यांच्या दारावर माझी नजर गेली होती. पत्रक केव्हाच निघालं होतं. खळीचे चार डाग तेवढे राहिले होते, चार कोपऱ्यांना.

टॅक्सीत कंपाउंडर पुढे बसले. इस्पितळात त्यांनी डॉक्टरांना कधी दुखायला लागलं, कुठे दुखतंय, संपाआधीचं प्रेशर किती, सगळं एका दमात सांगितलं. बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

चौथ्या दिवशी त्यांना जनरल वॉर्डात हलवलं. सिस्टरने सक्त ताकीद दिली होती: पेशंटने बोलायचं नाही, कुणी बोलवायचं नाही. आम्ही वॉर्डाच्या दारात उभे होतो, मी, आई, कंपाउंडर आणि जरा मागे विठूकाका. बाबांनी मान वळवली. आमच्यावरून त्यांची नजर मागे गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. चादरीवरचा हात थोडा उचलला, दोन बोटं फिरवली.

मी साचेखात्याची मुलगी. एवढं मला वाचता येत होतं. ते विचारत होते, पाळी चुकली ना तुझी?

विठूकाकांनी आमच्या डोक्यांवरून हात वर केला आणि ओठांनीच उत्तर दिलं. बदली दिलाय.

बाबा हसले. सिस्टर आमच्याकडे रोखून बघत होती, पण तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. काय म्हणून रागावणार?

"मस्टर घरी राहिलं," कंपाउंडर माझ्या कानात पुटपुटले. "आठवण कर. समोरची खोली खोडायचीय. दोन्हीकडे."

"पण ते बोलले कुठे?" मी म्हटलं. सवय जाता जात नाही.

"गप, पत्रकबाई," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

बाबांचं नाव पुन्हा मस्टरवर चढलं. सुरुवातीला फक्त चाळीच्या दारापर्यंत, मग नाक्यापर्यंत. दीड महिन्याने ते गिरणीच्या गेटपर्यंत गेले, विठूकाकांच्या बाजूने. गेटवर बाबांनी घोषणा दिली. विठूकाका आदबीने दुसरीकडे बघत उभे राहिले. गोळ्या रोज. तंबाखू सुटली असं बाबा सांगतात, आणि डबी आईने कुठे लपवलीय ते शोधतात. आई आता बांगडा दोनदा पाण्यात उकळून मग तळते. बाबांच्या मते तो ओल्या टॉवेलसारखा लागतो.

मी विठूकाकांच्या दारावरचे डाग घासून काढले. माफी मागितली नाही. संप फोडणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण तो शब्द दारावर लावताना दाराच्या पाठीमागे एक दंड आहे हे मी बघितलं नव्हतं, आणि समोरच्या आमच्या खोलीत आणखी एक.

त्यानंतर एका दुपारी मी कंपाउंडरांना सोड्याचं विचारलं. ते बाटल्या पुसत होते. पुसतच राहिले.

"आमच्या हिला असंच झालं होतं," ते म्हणाले. "जबडा दुखतो म्हणाली. घाम. जळजळतंय म्हणाली. बायकांना हार्टचं असतं असं तेव्हा कुणाच्या डोक्यातच येत नसे. मी कंपाउंडर. मी सोडा दिला. बाटली संपायच्या आत ती गेली."

मी स्टुलावर बसले.

"स्मशानात माझा भाऊ म्हणाला, एवढी वर्षं दवाखान्यात केलंस काय? सगळ्यांसमोर. नऊ वर्षं झाली. अँटॉप हिलला असतो, सरकारी क्वार्टर्समध्ये. इथून बसने अर्धा तास." त्यांनी बाटली फळीवर ठेवली. "खोटं काय बोलला तो?"

मी मस्टर उघडलं. पहिली ओळ. हजर, हजर, हजर, आणि पुढे सगळं कोरं.

"तुमचं का बघत नाही?"

"पट्टा बांधायचा तर आधी तीन प्रश्न विचारावे लागतात," ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्याचा रंग मला आवडेना. जिना चढताना ते हल्ली प्रत्येक मजल्यावर थांबत आणि गॅलरीतून खाली बघण्याचं नाटक करत. मी बाबांना सांगितलं, बाबांनी विठूकाकांना, आणि दुसऱ्या दिवसापासून आख्खी चालपाळी त्यांच्या मागे लागली. "कंपाउंडर, झोप कशी?" "कंपाउंडर, मीठ किती?" तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही. तो सगळ्यांनी माझ्यावर सोडला होता.

चार दिवसांनी त्यांनीच मला बोलावलं. टेबलावर कागद आणि पेन मांडून ठेवलं होतं.

"तुला लिहायला चांगलं येतं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "चार ओळी लिही. कडक नकोत. आणि रविवारी अँटॉप हिलला देऊन ये. सांग, कंपाउंडर बरा आहे, आठवण काढतो. तुला काय, तू कुणाशीही बोलतेस."

मी पेन उचललं. टोपण काढलं. चार ओळी मनात तयारही झाल्या, आणि चांगल्या होत्या. मग मी टोपण पुन्हा लावलं.

"काका, काळजाच्या खात्यात बदली नाही."

ते माझ्याकडे असं बघत राहिले की मला वाटलं आता मशीन डोक्यात घालतात. "नीघ इथून," ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत पेटी आणि मस्टर मारून चाळीच्या दारात उभे होते. बाबा आणि विठूकाका पायरीवर बसले होते.

"मशीन कशाला?" बाबांनी विचारलं.

"रिकाम्या हातांनी जायचं काय?" कंपाउंडर खेकसले. "आणि बोलायला काही सुचलं नाही, तर निदान त्याला पट्टा तरी बांधता येईल. पट्टा असताना बोलायचं नसतंच."

ते बसस्टॉपकडे गेले. कोपऱ्यावर सोड्याची गाडी होती. त्यांनी रस्ता ओलांडला नाही. सरळ गाडीच्या समोरून गेले.

सोमवारी सातला आम्ही सगळे बिल्ले घेऊन रांगेत उभे होतो. मस्टर टेबलावर होतं. मी पहिली ओळ बघितली. आताच्या प्रेशरच्या रकान्यात आकडा होता, आणि तो कंपाउंडरांच्या अक्षरात नव्हता. वळणदार, सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेलं अक्षर. आकडा बाबांच्याही वरचा होता, विठूकाकांच्याही.

"एवढं?" मी ओरडले.

"ओरडू नकोस, आणखी चढेल. गोळी कालपासूनच सुरू केली. त्याने समोर उभं राहून गिळायला लावली, डांबरट. आता दर रविवारी बघणार म्हणतो." ते बिल्ले गोळा करत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "त्याला शिट्टी वाजवायला शिकवायला तासभर लागला. आणि तीन प्रश्न विचारल्याशिवाय पट्टा बांधेना. मीच त्याला सांगून बसलो होतो."

शेवटच्या रकान्यात त्याच वळणदार अक्षरात काहीतरी लिहून खोडलेलं होतं. निरखून बघितल्यावर वाचता आलं. अँटॉप हिल.

"चला," कंपाउंडर म्हणाले, "साचेखातं एक, साचेखातं दोन, पुढे व्हा. पत्रकबाई, माझी हजेरी आजपासून तू लाव."